राघोच्या सहीची बातमी

...नाही, पण मला एक सांगा, यात माझी चूक काय? म्हणजे चूक आहे, नाही कोण म्हणतोय, पण सगळी माझीच कशी? वकिलाने फोनवर सांगितलं ते मी लिहिलं, मी लिहिलं ते संपादकाने छापलं, छापलं ते राई आणि मोरवा या दोन्ही गावांनी वाचलं, ज्याला वाचता येत नाही त्याला शेजाऱ्याने वाचून दाखवलं, आणि सरकारचा तो मूळ कागद, ज्यात कायदा खरंच काय बदललाय ते छापलेलं होतं, फुकट मिळत होता, मराठीत होता... बरं, सरकारी मराठीत होता... तो वाचला कोणी? कोणी नाही!

तुम्हाला सांगतो, आपल्याकडे कायदा बदलला की पहिल्या दिवशी त्याच्यावर चर्चा होते, दुसऱ्या दिवशी सत्कार होतात, तिसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागतो, बॅनरवर अकरा माणसं हात जोडून उभी, बाराव्याचा नुसताच चेहरा, आणि कायदा? तो खाली कोपऱ्यात, बॅनरवाल्याच्या फोन नंबराच्या शेजारी. तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, सात अक्षरांची बढती मिळाली म्हणा हवं तर, तरी परवा एकाचा मला फोन आला, 'नमस्कार, तलाठी बोलतोय.' आता बोला.

तर ती गुंठ्याची भानगड. साधी आहे. जमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकायचे नाहीत असा आपल्याकडे जुना कायदा. आता कायदा म्हणाला विकू नका, म्हणून लोक थांबले का? राईत, मोरव्यात भावाने भावाला गुंठा दिला, मामाने भाच्याला अर्धा दिला, स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, चहा प्याले, घर बांधलं, घरात मुलं झाली, मुलांची लग्नं झाली. सातबाऱ्यावर मात्र नाव पहिल्याचंच. असंच आमच्या रुक्मिणीकाकीचं. नवरा नाथा, मिठागरावर कामाला होता, त्याने थोरल्या भावाकडून, बाबाजीकडून, एक गुंठा घेतला. स्टॅम्पपेपरवर. तिथे दोन खोल्या बांधल्या, पुढे पडवी, पडवीत सुकटीची टोपली. नाथा गेला, बाबाजी गेला, काकी राहिली. सातबाऱ्यावर अजून बाबाजी. आणि बाबाजीचा मुलगा राघो, म्हणजे काकीचा पुतण्या, याने अख्खी जमीन बिल्डरला द्यायची ठरवली, करार पाडव्याच्या मुहूर्तावर. राघो म्हणतो, 'काकी, तुजा घर मी सोरून देन.' करारातून वगळेन म्हणेल हो. पण बिल्डरचा वकील सातबारा बघणार की राघोचं मन? पाडव्याच्या आत काकीचं नाव सातबाऱ्यावर चढलं तर घर तिचं. नाही चढलं तर तिच्या पडवीच्या जागी पार्किंग. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळा आमचा शहाणपणा.

आणि नेमका तेव्हाच सरकारने कायदा बदलला! छोट्या तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करायचे ठरवलं. झालं, मी लावला फोन गुणवंतभाईंना. गुणवंतभाई म्हणजे भाईंदर पश्चिमेला फरसाणच्या दुकानावर ज्यांचं ऑफिस आहे ते, जमिनीच्या कामाचे वकील. माणूस लाखात एक, आवाज मोठा, अशील येण्याआधी फाफडा येतो. मी विचारलं, गुणवंतभाई, बदल नक्की काय आहे? ते म्हणाले, 'साहेब, मोटो चेंज छे! बधुं, सगळा रेग्युलर! आता रजिस्ट्रेशन-बिजिस्ट्रेशन काय नाय, सही-बिही काय नाय, अर्ज टाका, डायरेक नाव चढणार!' मी लिहून घेतलं. त्यांना कुठून कळलं हे विचारलं का मी? नाही विचारलं. वकील आहेत, वाचलं असेल!

त्यांना कुठून कळलं ते मला नंतर कळलं. वकिलांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, 'ताजे निवाडे व दुरुस्त्या'. त्यात सकाळी साडेसहाला गुलाबाचं फूल येतं आणि त्याच्याखाली खंडपीठाचा निकाल. निकाल चाळीस पानांचा, त्याच्यावर सात मिनिटांत सतरा अंगठे. चाळीस पानं सात मिनिटांत! एवढ्या वेगाने तर न्यायाधीशांनी स्वतःसुद्धा वाचला नसेल. मग कोणीतरी खाली दोन ओळीत सार लिहितो, तिसरा ते सार पुढे पाठवताना अवघड शब्द काढून टाकतो, चौथा 'परंतु' पासूनचं सगळं काढून टाकतो, आणि कायद्यात तर, तुम्हाला सांगतो, जो काही जीव असतो तो 'परंतु'च्या पुढेच असतो. गुणवंतभाईंपर्यंत पोचेस्तोवर 'परंतु' गेलेला होता. मूळ वाचलं कोणी? कोणी नाही.

मी बातमी दिली. साधी दिली होती बरं का! 'जाणकारांच्या मते' असं लिहिलं होतं, म्हणजे आमच्या धंद्यात ज्याला अंगावर येऊ नये म्हणून घातलेला रेनकोट म्हणतात तो घातला होता. पण आमचा संपादक, अभिनव. वय एकोणतीस. 'खाडीकाठ वार्ता'च्या मालकांचा जावई, हुशार मुलगा, फक्त त्याला शांत मथळा बघवत नाही. म्हणाला, 'सर, यात जोर नाहीये.' आणि स्वतः मथळा दिला: 'गुंठ्याला आता ना नोंदणी, ना सही! थेट सातबारा!' उद्गारचिन्हं त्याची. शब्द गुणवंतभाईंचे. नाव माझं!

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला रुक्मिणीकाकी रिक्षाने थेट आमच्या ऑफिसात. नऊवारी, केसात अबोली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं कात्रण. म्हणाली, 'भाऊ, मना वाचाया येत न्हाय, पन शेजारची कृतिका बोलली का तुमी माजा काम केलाय.' आता एवढ्या विश्वासाने कोणी आलं की माणूस फुगतो की नाही? मी फुगलो. तिला घेऊन गेलो फरसाणच्या दुकानावर. गुणवंतभाईंनी फी घ्यायला नकार दिला, हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो, म्हणाले मावशीचं काम म्हणजे आपलं काम, आणि तिथल्या तिथे अर्ज टाइप केला. अर्जाला काय जोडलं असेल? स्टॅम्पपेपर जोडला, घरपट्टी जोडली, लाइट बिल जोडलं, आणि नव्या कायद्याचा आधार म्हणून... माझी बातमी! 'परिशिष्ट ड.' मी म्हटलं गुणवंतभाई, बातमी कशाला? म्हणाले, 'अरे साहेब, छापेला छे!' मला वाटलं मूळ कागद त्यांच्या फायलीत असेल, हे नुसतं शोभेला. त्यांना वाटलं मूळ कागद माझ्याकडे असेल, त्याशिवाय का मी छापलं? वाचलं कोणी? कोणी नाही!

गेलो एका सरकारी कचेरीत. कुठली ते विचारू नका, मला तिथे परत जायचं असतं. खिडकीपलीकडे इशिता मॅडम. तरुण आहेत, नीटनेटक्या आहेत, टेबलावर तुळशीचं रोप. त्यांनी सगळे कागद पाहिले, 'परिशिष्ट ड'पाशी थांबल्या, आणि म्हणाल्या, 'वकीलसाहेब, वर्तमानपत्रातली बातमी हा पुरावा होत नाही. कोर्टाने सांगितलंय तसं.'

गुणवंतभाई चिडले. वकिलाला कोर्टाचं कोणी ऐकवलं की तो चिडणारच. म्हणाले, 'तुम्ही कुठे वाचलं मॅडम?'

मॅडम म्हणाल्या, 'पेपरात.'

रांगेतला मागचा माणूस हसला. मग मॅडमनी शांतपणे सांगितलं, की मूळ राजपत्र आणा, कार्यपद्धतीचा कागद आणा, त्यात जे असेल ते मी करते. मी गुणवंतभाईंकडे पाहिलं, गुणवंतभाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि रुक्मिणीकाकीने आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं. भाजीवाला दोन जुड्या दाखवतो आणि दोन्ही सडलेल्या निघतात तेव्हा बाई बघते ना, तशी.

जिना उतरताना मी विचारलं, गुणवंतभाई, तुम्ही ते वाचलंय ना? ते म्हणाले, 'मी तुमच्या बातमीत वाचला.' मी म्हटलं, अहो, मी तुमच्याकडून ऐकून लिहिलं! 'हा, ते मी ग्रुपवर बघितला. पण तुम्ही छापला तेव्हा मला वाटला कन्फर्म झाला.' म्हणजे बघा, विहीर त्यांची, पोहरा माझा, आणि पाणी दोघांनी एकमेकांकडे मागितलं!

मग आम्ही वाचलं. हो, वाचलं! फरसाणच्या दुकानावर, दुपारी, शटर अर्धं ओढून. आपल्या अशिलाने आत येऊन आपल्याला कायदा वाचताना बघू नये असं गुणवंतभाईंना वाटत होतं. प्रिंट काढली, चष्मे पुसले, मी मोठ्याने वाचत होतो आणि ते बोट ठेवत होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सगळं लख्ख लिहिलेलं. तुकडा लहान असल्याची अडचण गेली, खरं आहे. परंतु... आला की नाही 'परंतु'? परंतु ज्यांचा व्यवहार नुसत्या साध्या स्टॅम्पपेपरवर झालेला आहे त्यांनी तो आधी रीतसर नोंदवून घ्यायचा, मग नाव चढणार. आणि रीतसर नोंदवायचा म्हणजे विकणारा समोर हवा. विकणारा बाबाजी तर वर गेलेला. म्हणजे त्याचा वारस. म्हणजे राघो. म्हणजे राघोची सही. म्हणजे आम्ही ज्या एका गोष्टीची गरज नाही असं मथळ्यात छापलं होतं, नेमकी तेवढी एकच गोष्ट लागत होती!

मी म्हटलं, ठीक आहे, घरचाच मुलगा आहे, सही तर मागायची. गेलो संध्याकाळी राईला. राघो ओट्यावर बसून जाळं विणत होता. बोटी त्याने कधीच विकल्यात, पण हाताला सवय. काकीने त्याला विषय सांगितला. तो उठला, आत गेला, आणि बाहेर येताना हातात काय? माझं कात्रण! त्याने मथळ्यावर बोट ठेवलं. 'भाऊ, तुमीच लिवलाय ना? ना नोंदनी, ना सही. मंग मी सही कशाला करू?'

मी म्हटलं, राघो, चूक झाली आमची.

'चूक आता तुमी तोंडान सांगताय. तोंडाचा काय! पेपरान येव दे. बिल्डरचा मानूस बोललाय, जी लागत न्हाय ती सही कुठं करू नको.'

बघा म्हणजे! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या लिहिण्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला, आणि तो नेमका हा! बरं, बनेल असता तर भांडलो असतो. पण त्याच्या चेहऱ्यावर खोट नाही हो. छापील ते खरं. काकी मात्र चवताळली. म्हणाली, 'राघो, तुज्या हलदीला चारशे मानसांचा भात मी रांदला, तवा पेपरान बघून रांदला काय?'

राघो म्हणाला, 'काकी, आलता ना पेपरान. फोटो पन होता तुजा. टोपासंगं.'

आलाच होता! मीच दिला होता! चौथ्या पानावर, हळदी समारंभ उत्साहात! आता माझ्याच कागदांनी मला घेरलं म्हटल्यावर मी जाऊ कुठे?

परत आलो, अभिनवला म्हटलं, खुलासा छापू. चार ओळींचा. 'अमुक बातमीत अनवधानाने.' तो इतका दुखावला, की त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. 'सर, आपल्या पेपरने अकरा वर्षांत एकही खुलासा दिलेला नाही.' मी विचारलं, अकरा वर्षांत चूकच झाली नाही? 'चुका झाल्या सर. खुलासा नाही झाला.' मी पत्रकारितेची मूल्यं काढली, वाचकांचा विश्वास काढला, एका म्हाताऱ्या बाईचं घर जातंय हे सांगितलं. ते शेवटचं मात्र त्याला लागलं, खोटं कशाला बोलू. म्हणाला, पाडवा कधी आहे? मी म्हटलं, महिना राहिला. त्याने विचार केला आणि म्हणाला, 'सर, खुलासा कोण वाचतं? सातव्या पानावर, मूळव्याधीच्या जाहिरातीखाली. तुमचा तो राघो वाचेल? त्यापेक्षा नवी बातमी द्या. "कायद्यात पुन्हा बदल." पहिल्या पानावर घेतो.'

मी म्हटलं, अरे पण कायदा बदललाच नाहीये!

'सर, गेल्या वेळी तरी आपण छापलं तसा कुठे बदलला होता?'

आधी खूप तडतडलो, राजीनामा देतो म्हटलं, तो म्हणाला देऊ नका, मी म्हटलं बरं. आणि लिहिली. 'स्टॅम्पपेपरवरच्या गुंठ्यांना आता नोंदणी अनिवार्य! वारसांची सही लागणारच!' प्रत्येक शब्द खरा होता, मूळ कागदावर बोट ठेवून लिहिला होता, 'आता' एवढा एक सोडून.

सकाळी सातला गुणवंतभाईंचा फोन. 'साहेब, मोटो चेंज आव्यो!' मी म्हटलं, गुणवंतभाई, परवा शटर ओढून तुम्ही आणि मीच वाचलं ना ते? 'हा, वाचला, पण आता ग्रुपवर आला छे!' गुलाबाच्या फुलाखाली माझीच बातमी, वर बावीस अंगठे, एका ज्येष्ठ वकिलांनी लिहिलेलं, 'स्वागतार्ह पाऊल.' दुसऱ्याने लिहिलेलं, 'हे मी आधीच म्हणालो होतो.' मूळ कोणी पाहिलं? कोणी नाही.

आणि राघो? राघो सकाळी आठला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, आधारकार्ड खिशात टाकून काकीच्या पडवीत हजर! 'काकी, चल, कायदा बदलला. बिगी बिगी चल, परत बदलला तं?' काकी भाकरी थापत होती, तिला तवा उतरवू देईना. त्याच दिवशी गुणवंतभाईंनी दस्त तयार केला, दोन दिवसांत नोंदणीला उभे राहिले, राघोने सही केली, अंगठा दिला, फोटोत हसला, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, 'बगा भाऊ, तुमी तोंडान सांगितला असता तं ऐकला असता काय मी?' बिल्डरच्या माणसाचा त्याला फोन आला, तर त्याला हा कायदा शिकवत होता, 'वारसाची सही लागते, तुमी पेपर वाचत न्हाय काय?'

काकीने मला बाजूला घेतलं. डोळे भरलेले. म्हणाली, 'भाऊ, सरकारचा माज्यावर लय ध्यान हाय. माजा काम अरकला, तं आठ दिसांत कायदा बदलला.' मी तिला काय सांगायला हवं होतं? तुम्हीच सांगा. तिला लोकशाहीवर एवढा विश्वास बसलेला, तो मी मोडू? मी म्हटलं, हो काकी, असतं लक्ष.

राहिलं काय, तर फक्त नोंद. नोंदवलेला दस्त कचेरीत दिला, नोटिसा निघाल्या, हरकत कोणाची आली नाही, पाडव्याला सहा दिवस राहिले, आणि दुपारी फोन. इशिता मॅडम! म्हणाल्या, 'साहेब, आजींच्या फायलीत सगळं आहे, एक रकाना रिकामा राहिलाय. नोंदणीचा आणि वारसांच्या सहीचा हा जो नवीन बदल झाला, तो कोणत्या तारखेचा? आमच्याकडे परिपत्रकच आलेलं नाही. आमचे साहेब वरच्यांना विचारून आले, त्यांच्याकडेही नाही. तुमच्या बातमीतही तारीख दिलेली नाही. तेवढी सांगितलीत तर आज सही होईल.'

तारीख सांगू तर कुठली? खोटी तारीख सरकारी फायलीत? आणि खरं सांगू तर... पण म्हटलं, बातमीत एक शब्द खोटा घातला तेवढा पुरे. काकीचं घर काय उद्या उकरून निघणाऱ्या तारखेवर उभं करायचं? सांगून टाकलं. मॅडम, नवीन बदल झालेलाच नाही. हे सगळं पहिल्या कागदातच आहे, तिसरं पान बघा, तुमच्या टेबलावरच असेल. तारीख तीच टाका, पहिलीच.

पलीकडे बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज. मग थांबला. मग मॅडम म्हणाल्या, 'हो की! आहे इथे.' पेनाचं टोपण उघडल्याचं ऐकू आलं. लिहिल्याचं ऐकू आलं. 'टाकली साहेब तारीख. आजींचं नाव चढेल आज.' तुम्हाला म्हणून सांगतो, माझा जीव असा भांड्यात पडला की खुर्चीत बसलेला असूनही मी परत एकदा बसलो. देवाचे आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, म्हणजे हे पहिल्यापासूनच होतं का? मी म्हटलं, पहिल्यापासूनच. पहिल्या दिवसापासून.

पेनाला टोपण लावल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, अगदी दुखावल्या आवाजात हो, 'मग साहेब, तुम्ही आधी का नाही छापलंत?'